पांढरा टाका

जुन्या कपड्यांचा गठ्ठेवाला घरात शिरला नाही, तेव्हाच फिरकीनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी चहा मागायचा. आज तो पायरीच्या खाली, भर रस्त्यात उभा राहिला, नाकाला रुमाल लावून, आणि तिथूनच बोलायला लागला.

त्याचं म्हणणं असं, की मागच्या खेपेचा गठ्ठा आपल्या नेहमीच्या गोदामातला नव्हताच. तापाच्या इस्पितळातले कपडे जाळायला काढले होते. कुणीतरी ते भलत्याच गाडीत चढवले आणि गठ्ठे बांधून चार घरांत वाटलेसुद्धा. मागच्या गल्लीत काजं करणारी बाई आहे, तिची दोन्ही नातवंडं कालपासून फणफणली आहेत, अंगभर पुरळ उठलंय. मोठ्या माणसांना खाज सुटते, दोन दिवस जातात, संपलं. पण दोन वर्षांच्या आतलं पोर असेल तर अवघड आहे. आरोग्य खात्याची गाडी चौकात उभी आहे, पाचपर्यंत. सुई टोचतात. पण कपडा अंगाला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचली तरच तिचा उपयोग. चौथ्या दिवशी पाणी टोचलं काय आणि ती टोचली काय, सारखंच.

“तुम्हाला काय म्हणा,” गठ्ठेवाला रुमालाआडून म्हणाला. “तुमच्याकडे उकळल्याशिवाय कपड्याला कात्री लावत नाहीत, सगळ्या बाजाराला माहीत आहे. उकळलेल्यांनी यायची गरज नाही म्हणालेत. सुया मोजक्याच आहेत.”

थोरल्या दादानं मशीनवरून मान वर न करता, चहा घेऊन जा म्हटलं. गठ्ठेवाल्यानं मानेनंच नको म्हटलं आणि तो पुढच्या घराकडे निघाला, जवळजवळ पळतच.

“बघा,” दादा म्हणाला. “आबा असते तर आज मिशीला पीळ दिला असता.”

त्याचं खरंच होतं. या घरात जुन्याचं नवं करायचा धंदा सुरू झाला तो वडिलांच्या, आबांच्या हातून, आणि आबांचा एकच नियम होता. कुणाचा कोट, कुणाच्या अंगावरचा, तो मेला की जिवंत आहे, आपल्याला ठाऊक नाही. म्हणून गठ्ठा आला की आधी मागच्या अंगणातल्या ड्रममध्ये सोडा घालून उकळायचा, दोरीवर वाळवायचा, आणि वाळलेला कपडा काढताना त्याच्या गळ्याशी पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. टाका दिसला की तो कपडा उसवायला आणि बेतायला मोकळा. टाका नसलेल्या कपड्याला या घरात शिंकरायलासुद्धा कुणी हात लावत नसे.

आणि अंगण, ड्रम, सोडा, टाका हे सगळं खातं गेली वीस वर्षं फिरकीकडे होतं.

फिरकी म्हणजे मधला. वय अठ्ठेचाळीस, लग्न झालेलं नाही. दोन ठिकाणी मुलगी बघायला गेला आणि दोन्ही ठिकाणी भावी सासऱ्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घालून आला, त्यामुळे तिसऱ्या ठिकाणी कुणी बोलावलंच नाही. कोटाच्या खिशात कवळी ठेवून मोठ्या वहिनीला किंचाळायला लावणारा हाच. शिलाई मशीनवर कर बसलाय असं सरकारी पत्र स्वतः टाइप करून आणून दादाला तीन मशिनी माळ्यावर चढवायला लावणाराही हाच. त्या दिवशी दादाची कंबर धरली ती आजतागायत सुटलेली नाही.

आता तो दारात उभा होता आणि त्याला ओठ ओले करता येत नव्हते.

कारण तो गठ्ठा उकळलेला नव्हता.

झालं असं होतं. वहिनी दोन दिवस बहिणीकडे गेलेली. गठ्ठा उघडला तर आत सगळे पांढरे स्वच्छ कपडे, कडक इस्त्रीचे, घडीवर घडी. फिरकीला वाटलं, आज बसल्या बसल्या टाके घालून ठेवावेत, उद्या उकळावं. टाका काय, उकळून थोडाच सुटतो. कोरड्या कपड्यात सुई भराभर चालते. दुपारपर्यंत त्यानं सगळ्या गठ्ठ्याला टाके घालून काढले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. दुसऱ्या दिवशी ड्रमखालचा गॅस संपला. नवा सिलिंडर आणायला गेला तो कोपऱ्यावरच्या कॅरमला चिकटला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून अंगणात येतो तर कपडे नाहीत. वहिनी पहाटेच परतली होती, तिनं टाके बघितले होते आणि अर्धा गठ्ठा बेतूनही झाला होता.

“या खेपेला छान वाळवलंस रे,” ती म्हणाली होती. “अगदी करकरीत आहेत.”

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण वहिनी त्याला वर्षातून एकदाच चांगलं म्हणायची, आणि ती वेळ ती होती. कपडे तर स्वच्छच आहेत, काय बिघडतंय, असं म्हणून तो गप्प बसला.

त्याच दुपारी धाकटीनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, उरलेल्या मऊ फ्लॅनेलमधून लेकीला झबलं शिवलं. त्यावरून वहिनी तिला बोलली, ऑर्डरचं कापड न विचारता घेतलंस म्हणून, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. झबल्याचा वाद घरभर झाला होता, त्यामुळे ते कधी अंगावर चढलं हे सगळ्यांना तारीखवेळेसकट पाठ होतं. परवा, दुपारी चारच्या सुमारास.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

बेतायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर, अकरा महिन्यांची ती पोर बसली होती. घरात तिला बटण म्हणत. झबल्याची बाही तिनं तोंडात धरली होती आणि मन लावून चोखत होती.

फिरकीच्या डोक्यात पहिल्यांदा आली ती पळवाट. पोरीला उचलायचं, चौकात न्यायचं, गुपचूप सुई टोचून आणायची, कुणाला कळायलाही नको. तो टेबलाशी वाकला.

“हिला जरा चक्कर मारून आणतो,” तो धाकटीला म्हणाला.

“आज नको, भाऊजी.” धाकटीनं पटकन पोरीला कडेवर घेतलं. “ऐकलंत ना, गल्लीत ताप आहे. दाराबाहेर काढणार नाही मी तिला.”

म्हणजे ती पोरीला तापापासून वाचवत होती, आणि ताप तिच्या कडेवरच होता, दोन बाह्या आणि चार बंदांचा. फिरकीनं हात मागे घेतला. तो गार पडला होता.

मग त्यानं वळसा घेतला. सुई टोचून ठेवली तर कुठं बिघडतं, असं सहज विचारल्यासारखं केलं. उत्तर मशीनवरून आलं. दादा म्हणाला, सुया मोजक्या आहेत, आपण एक उचलायची म्हणजे ज्याच्या घरात खरंच गरज आहे त्याच्या पोराच्या तोंडचं काढायचं, आणि शिवाय बाजारात काय दिसेल. उकळलेल्या कपड्यांचं घर रांगेत उभं राहिलं तर लोक काय समजायचं ते समजतील. धाकटीला ते पटलं. वहिनीलाही पटलं, पण धाकटीला पटलंय म्हटल्यावर तिनं मान हलवली नाही, नुसती कात्री चालवली.

साडेतीन.

कोपऱ्यात आई ब्लेडनं एका शर्टाची बाही उसवत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटांना सगळं दिसायचं. ती आपल्याच तंद्रीत होती.

फिरकी खोलीच्या मधोमध आला. 

“तो गठ्ठा मी उकळलेला नाही,” तो म्हणाला.

आधी कात्री थांबली. मग वहिनी हसली. मग धाकटीही हसली, आणि दोघी एकाच वेळी हसल्या हे लक्षात आल्यावर दोघी एकदम थांबल्या.

“लाज वाटू दे जरा,” वहिनी म्हणाली. “काजवालीची पोरं तिकडं मरायला टेकलीत आणि याला फिरक्या सुचतायत.”

त्यानं सगळं सांगितलं. टाके आधी घातले, गॅस संपला, कॅरम. जितकं बारीक सांगत गेला तितकं ते रचलेलं वाटायला लागलं, हे त्यालाच ऐकू येत होतं. आजवरच्या प्रत्येक थापेत त्यानं असेच बारकावे घातले होते, मशीनवरच्या कराच्या पत्राला तर जावक क्रमांकसुद्धा होता. आता गॅसचा सिलिंडर खरा होता आणि त्या जावक क्रमांकासारखाच वाटत होता. शपथ घ्यावी तर कवळीच्या वेळीही घेतली होती. धाकटी म्हणाली, भाऊजी, पोरीवरून चेष्टा नको, मला नाही आवडत. आणि ती पाणी प्यायला वळली.

तेव्हा फिरकीचं लक्ष दादाकडे गेलं.

दादाचं मशीन बंद होतं. पाय पायट्यावर होते, पण हलत नव्हते. समोरच्या जाकिटाची टीप अर्धवट राहिली होती आणि दादा त्या टीपेकडे बघत बसला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. दादा हसला नव्हता. या खोलीत एकट्या दादाला ते खरं वाटलं होतं.

फिरकी त्याच्याजवळ गेला.

“दादा, तुला माहीत आहे मी खरं बोलतोय.”

“मला काही माहीत नाही,” दादा हळू आवाजात म्हणाला. “पस्तीस जाकिटं दुकानात लागली आहेत काल. मोठ्या माणसांची आहेत, मोठ्यांना काही होत नाही म्हणाला तो. पण आमच्याकडे उकळलं नव्हतं असं चौकात सांगितलं, तर उद्यापासून या घराची चिंधीसुद्धा कुणी घेणार नाही. पोरगी खेळतेय. अंग गार आहे. उगाच घर बुडवू नकोस.”

“आणि रात्री तापली तर?”

दादानं समोरचं जाकीट सरळ केलं. त्यानं पायटा दाबला. मशीन चाललं, पण सुईत दोरा नव्हता, ती नुसती भोकं पाडत गेली.

फिरकीला खरी भीती वाटली ती आता. खोटं बोलणाऱ्याला लोक खोटं समजतात, ते त्याला अंगवळणी पडलं होतं. पण खरं कळलेला माणूस मुकाट्यानं टीप मारत बसतो, हे त्यानं पाहिलं नव्हतं. आणि तो माणूस वाईटही नव्हता. काजवालीची पोरं तापलीत एवढं कळताच याच दादानं सकाळी दूध पाठवलं होतं.

पावणेचार झाले. धाकटीचा नवरा माल घेऊन परगावी गेलेला, तो उद्या येणार. म्हणजे तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं.

फिरकी आईपुढे जाऊन खाली बसला आणि तिचा हात धरला. म्हणाला, आई, तू तरी.

“काय झालं? तुझा हात का असा?” आई म्हणाली. तिनं त्याचा तळवा दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं चाचपला. ओला आणि गार.  मग तिनं वहिनीला हाक मारली आणि त्या गठ्ठ्यातला न उसवलेला एक कपडा आणायला सांगितला.

वहिनीनं कुरकुरत एक सदरा आणून दिला. गळ्याशी पांढरा टाका. आईनं टाक्याला हात लावला नाही. तिनं खालची दुमड शोधली, ब्लेडनं बोटभर उसवली, आतला कापडाचा पदर बाहेर काढला, जिभेवर बोट ओलं केलं आणि त्या जागी चोळलं. एकदा, दोनदा. मग अंगठा आणि बोट एकमेकांपासून दूर केलं.

“चिकट आहे,” ती म्हणाली. “खळ आहे आत. इस्पितळवाले खळ घालतात कपड्याला. सोड्यात तासभर उकळला असता तर दुमडीत खळ राहिली नसती.”

वहिनीनं सदरा हिसकावून घेतला. स्वतः दुमड ओली केली, स्वतः चोळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो फिरकीनं पाहिला आणि त्याला वाटलं, आता ही मला कात्री फेकून मारणार. मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती धाकटीसमोर जाऊन उभी राहिली. दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

“काढ ते झबलं. काढ आधी. मी बेतलं गं ते कापड. माझ्या हातानं बेतलं.”

धाकटीला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तिच्या हातातला पेला पडला नाही, काही नाही, तिनं तो नीट खाली ठेवला आणि बंद सोडायला लागली. पण बोटं एकमेकांत अडकायला लागली. शेवटी वहिनीनं कात्रीनं चारही बंद कापले. पोर उघडीच दादाच्या जुन्या धुवट धोतरात गुंडाळली आणि दोघी निघाल्या. चप्पल घालायची आठवण एकीलाही झाली नाही.

फिरकी मागून धावला. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

चौकात रांग होती. तीन घरांतली माणसं, कडेवर पोरं, सगळ्यांची तोंडं बांधलेली. गाडीच्या दाराशी एक जाडसर नर्सबाई वहीत लिहीत होती. चार वाजून गेले होते आणि फिरकी मनात तास मोजत होता. परवा चार ते आज चार, दोन दिवस. म्हणजे अजून वेळ आहे. की पहिला दिवस धरून तीन? गठ्ठेवाला काय म्हणाला होता? त्यानं तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

नंबर आला. नर्सबाईनं घर विचारलं, धाकटीनं सांगितलं. नर्सबाईनं पेन थांबवलं.

“तुमच्याकडे उकळतात ना? मला यादीत तसं दिलंय. एकच सुई राहिलीय, बाई. मागे अजून एक पोर आहे.”

मागे खरंच एक बाप उभा होता, खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन.

“उकळलं नव्हतं,” फिरकी पुढे होऊन म्हणाला. “मी उकळलं नव्हतं.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अरे, हा तर फिरकी, असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं. एकजण म्हणाला, बाई, याच्यावर विश्वास ठेवू नका, यानं मागे आमच्या विहिरीत मगर असल्याची आवई उठवली होती. नर्सबाईनं फिरकीकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी खळीबद्दल काहीतरी सांगायला लागली, पण तिला धाप लागली होती आणि शब्द पुढेमागे होत होते. मागचा बाप एक पाऊल पुढे सरकला. त्याचं काय चुकलं.

“या पोराला सूज आहे का, पुरळ आहे का?” नर्सबाई धाकटीला विचारत होती. “नाही ना? मग यादीप्रमाणे मी—”

“उकळलं नव्हतं.”

आवाज दादाचा होता. तो रांगेच्या बाजूला उभा होता, कमरेवर हात धरून, गळ्यात टेप तशीच. एवढं अंतर तो दुखऱ्या कमरेनिशी चालत आला होता. त्याला बघून रांग गप्प झाली, कारण दादा हा माणूस बाजारात कधी गंमत करत नसे.

“त्या गठ्ठ्यातला एकही कपडा उकळलेला नाही,” दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आमच्या घरातनं काल पस्तीस जाकिटं गेलीत, तीही तशीच. दुकानाचं नाव लिहून घ्या. आणि यांचं पोर किती वर्षांचं?”

मागचा बाप म्हणाला, साडेतीन.

“माझी पुतणी अकरा महिन्यांची आहे,” दादा म्हणाला. 

नर्सबाईनं दोघा पोरांकडे बघितलं आणि सुई भरली. बटण आधी सुईकडे कुतूहलानं बघत राहिली, मग असा आवाज केला की चौकातली कबुतरं उडाली. फिरकी तो आवाज ऐकून गाडीच्या पायरीवर बसला. नर्सबाईनं त्याला तिथून उठवलं. सांगितलं, सुई लागू पडेलच असं आता म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. दहा दिवस वाट बघायची. दर दोन तासांनी ताप मोजायचा. एकशे एकच्या वर गेला तर थांबायचं नाही.

सगळे घरी निघाले. वहिनीच्या खांद्यावर पोर होती आणि धाकटी तिच्या पदराला धरून चालत होती, लहान मुलीसारखी. दादा मागे राहिला होता. दुकानदार भेटला होता आणि दादा मान खाली घालून ऐकून घेत होता.

अंगणात काटक्या पेटवून वहिनीनं झबलं लगेच जाळायला टाकलं नाही, उकळायलाही टाकलं नाही. काडीच्या टोकानं उचलून आधी आईपुढे धरलं. आईनं जाळ म्हणून मान हलवली. मग ते जाळलं.

फिरकी दाराशी उभा होता. घरात कुठं बसावं ते त्याला कळत नव्हतं. कुणीतरी शिव्या घालाव्यात म्हणून तो वाट बघत होता, पण ज्याची त्याची भीती ज्याच्या त्याच्या पोटात होती आणि शिव्यांना कुणाला सवड नव्हती.

धाकटी आतून आली. तिच्या हातात नर्सबाईनं दिलेला थर्मामीटर होता. तिनं तो त्याच्यापुढे धरला.

“दहा दिवस हे तुमचं काम,” ती म्हणाली. “दर दोन तासांनी लावायचा. मला येऊन आकडा सांगायचा. खरा.”

त्यानं थर्मामीटर घेतला. पोर वहिनीच्या मांडीवर पेंगत होती. काखेत नळी धरून तो तसाच वाकून राहिला, श्वास रोखून, जणू त्याच्या श्वासानंच पारा चढेल. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. मग त्यानं नळी काढली, खिडकीपाशी नेली, फिरवली, पुन्हा फिरवली.

“नव्याण्णव,” तो म्हणाला.

धाकटीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कापडात कुठं विरलंय का हे उजेडाला धरून बघतात तसं, खूप वेळ. मग तिनं नळी त्याच्या हातातून घेतली, खिडकीशी गेली आणि स्वतः वाचली.

आकडा तोच होता.

“दोन तासांनी परत,” ती म्हणाली, आणि थर्मामीटर त्याच्या हातात दिला.